चरबीचा निरोप

वर्गात एक साधे गणित घालून पाहा. एक प्रौढ माणूस अन्नातून दिवसाला २,००० किलोकॅलरी ऊर्जा घेतो असे धरू. दहा वर्षांत तो किती घेईल? उत्तर येते ७३ लाख. आता या दहा वर्षांत त्याचे वजन ५ किलोने वाढले असे समजू. एक किलो चरबीच्या ऊतीत सुमारे ७,७०० किलोकॅलरी साठतात, म्हणजे पाच किलोत ३८,५००. जमा आणि खर्च यांतली चूक झाली फक्त अर्धा टक्का! रोजच्या हिशोबात ती अर्धा चमचा साखरेएवढी भरते. हे गणित ढोबळ आहे, कारण वजन वाढले की शरीराचा खर्चही वाढतो. तरीही प्रश्न उरतोच. ताटातल्या कॅलरी मोजत कोणी जेवत नाही. मग इतका काटेकोर हिशोब ठेवतो कोण?

आम्ही शाळेत असताना चरबीबद्दल पुस्तकात एकच वाक्य असे : चरबी हा ऊर्जेचा साठा आहे. साठा म्हटले की कोठीतल्या पोत्यांसारखी मुकी वस्तू डोळ्यांसमोर येते. पण गच्चीवरची पाण्याची टाकी आठवा. तिच्यात एक तरंगता चेंडू असतो. पाणी वर आले की चेंडू वर येतो आणि नळ बंद होतो. चरबीच्या साठ्यालाही असा चेंडू असावा आणि साठा किती आहे हे तो मेंदूला कळवत असावा, अशी कल्पना ब्रिटनमधील गॉर्डन केनेडी यांनी १९५३ मध्ये मांडली होती. मात्र हा चेंडू कोणी पाहिलेला नव्हता.

त्याचा माग लागला तो अमेरिकेतील मेन राज्यात. तेथील जॅक्सन प्रयोगशाळेत उंदरांच्या शुद्ध जाती पैदा केल्या जातात. १९४९ मध्ये तिथे काही पिल्ले कमालीची लठ्ठ निघाली. मोठेपणी त्यांचे वजन साध्या उंदराच्या जवळजवळ तिप्पट भरे आणि ती सारखी खात असत. आईबाप मात्र सडपातळ! दोन सडपातळ उंदरांच्या पिल्लांत सरासरी चारांत एक लठ्ठ निघे. दहावीची मुले मेंडेलच्या वाटाण्यांवरून लगेच सांगतील की हा एका अप्रभावी जनुकाचा खेळ आहे. या जनुकाला ‘ओबी’ असे नाव पडले. पुढे १९६६ मध्ये याच प्रयोगशाळेतून दुसऱ्या लठ्ठ उंदराचे वर्णन प्रसिद्ध झाले. त्याला तीव्र मधुमेहही होता, म्हणून त्याच्या जनुकाचे नाव ‘डीबी’. दिसायला दोन्ही उंदीर सारखेच, पण जनुके वेगळ्या गुणसूत्रांवरची.

इथे डग्लस कोलमन यांनी जो प्रयोग केला तो आम्हांला जीवशास्त्रातल्या सर्वांत सुंदर प्रयोगांपैकी एक वाटतो. वाचताना अंगावर काटा येतो, हेही खरे. दोन उंदरांच्या कुशीची कातडी एकमेकींना शिवून टाकायची. जखम भरताना बारीक रक्तवाहिन्या जुळतात आणि एकाचे थोडे रक्त दुसऱ्यात जाऊ लागते. रक्तात विरघळलेला एखादा निरोप्या असेल, तर तोही पलीकडे पोचेल.

कोलमन यांच्या तीन जोड्या फळ्यावर लिहा. निकाल सांगा, पण अर्थ सांगू नका.

डीबी उंदीर साध्या उंदराला जोडला, तेव्हा साध्या उंदराने खाणे सोडले आणि तो उपासमारीने मेला. डीबी मजेत खातच राहिला. ओबी साध्याला जोडला, तेव्हा साध्याला काही झाले नाही. उलट ओबीचे खाणे कमी झाले आणि वजनवाढ मंदावली. शेवटी ओबी आणि डीबी एकमेकांना जोडले. ओबीने अन्न टाकले आणि तो मेला. डीबीवर काहीच परिणाम नाही.

मुलांना पाच-दहा मिनिटे वाद घालू द्या. बहुतेक वर्गांत कोणीतरी नेमके तेच बोलेल जे कोलमन यांनी १९७३ मध्ये लिहिले. ओबी उंदराला ‘पुरे’ हा निरोप तयार करता येत नाही, पण बाहेरून आला तर तो ऐकू येतो. डीबी उंदीर हा निरोप भरमसाट तयार करतो, पण स्वतः बहिरा आहे. जोडीदाराला मात्र तो ऐकू जातो आणि टाकी भरली आहे असे समजून तो बिचारा उपाशी मरतो.

निष्कर्ष इतका स्पष्ट असूनही अनेकांना पटला नाही. लठ्ठपणा हा वागण्याचा दोष आहे, शरीरक्रियेचा नाही, अशी समजूत शास्त्रज्ञांतही घट्ट होती. शिवाय निरोप्या हाती लागला नव्हता. कोलमन यांनी बरीच वर्षे शोधूनही तो सापडला नाही.

न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठातील रेणुजीवशास्त्रज्ञ जेफ्री फ्रीडमन यांनी उलट्या टोकाने सुरुवात केली. निरोप्या सापडत नाही ना? मग त्याचे जनुक शोधू. उंदराचा जनुकसंच तेव्हा वाचून झालेला नव्हता. शेकडो पिल्लांत लठ्ठपणाबरोबर गुणसूत्राचा कोणता तुकडा वारशाने येतो हे तपासत, तो तुकडा लहान लहान करत जायचे. १९८६ च्या सुमारास सुरू झालेले हे काम १९९४ च्या डिसेंबरमध्ये प्रसिद्ध झाले. जनुक सापडले सहाव्या गुणसूत्रावर. त्यात १६७ अमिनो आम्लांच्या प्रथिनाचा मजकूर होता. ओबी उंदरात एकच अक्षर बदलल्यामुळे १०५ व्या जागी पूर्णविराम पडला होता आणि प्रथिन अर्धवट राहत होते. आणि हे जनुक मुख्यतः कुठे काम करत होते? चरबीच्या पेशींत! मुकी समजलेली पोती बोलत होती. या प्रथिनाला ‘लेप्टिन’ म्हणतात. ग्रीक ‘लेप्टॉस’ म्हणजे सडपातळ. १९९५ मध्ये ओबी उंदरांना लेप्टिन टोचले तेव्हा ते बारीक झाले. डीबी जसेच्या तसे राहिले, कारण लेप्टिन पकडणारे मेंदूतले प्रथिनच त्यांच्यात बिघडलेले असते. कोलमन आणि फ्रीडमन यांना २०१० मध्ये लास्कर पुरस्कार विभागून मिळाला.

माणसाचे काय? १९९७ मध्ये ब्रिटनमध्ये पाकिस्तानी वंशाच्या कुटुंबातील दोन चुलत-मावस भावंडांची हकीगत प्रसिद्ध झाली. आठ वर्षांच्या मुलीचे वजन होते ८६ किलो आणि दोन वर्षांच्या मुलाचे २९. दोघांच्या रक्तात लेप्टिन जवळजवळ नव्हतेच. नंतर त्या मुलीला रोज लेप्टिनचे इंजेक्शन देण्यात आले आणि वर्षभरात तिचे वजन १६ किलोंहून अधिक उतरले. मुख्य फरक पडला भुकेत. अशा मुलाला शाळेत काय काय ऐकावे लागत असेल, हे आपल्याला वेगळे सांगायला नको. त्या प्रथिनाऐवजी आपण त्याच्या स्वभावावर बोट ठेवतो.

अर्थात हा विकार अत्यंत दुर्मिळ आहे. बहुतेक लठ्ठ माणसांत लेप्टिन भरपूर असते, कारण चरबी भरपूर असते. मेंदू मात्र त्याची पुरेशी दखल घेत नाही. म्हणूनच लेप्टिन हे सर्वांसाठी बारीक होण्याचे औषध ठरेल ही आशा काही वर्षांतच मावळली. आज गाजणारी सेमाग्लुटाइडसारखी औषधे आतड्याच्या एका वेगळ्या संप्रेरकाची नक्कल करतात. उपासमारीत लेप्टिन एकदम घसरते, हे १९९६ मध्ये दिसले. तेव्हा लेप्टिनचे खरे काम ‘पुरे’ म्हणण्यापेक्षा ‘साठा संपत आला’ अशी धोक्याची घंटा वाजवण्याचे असावे. वजन घटवणाऱ्याची भूक का खवळते आणि त्याचा ऊर्जाखर्च का आखडतो, हे यावरून कळते. ‘जरा तोंडावर ताबा ठेव’ हे वाक्य या घंटेशी भांडत असते.

चरबी मुळीच नसेल तर? काही लोकांत चरबीची ऊती जन्मतः तयारच होत नाही, काहींत ती नंतर नाहीशी होते. माणूस दिसायला काटक, हातांच्या शिरा उठून दिसणाऱ्या. आपल्याला वाटेल, किती निरोगी! पण त्याची भूक ओबी उंदरासारखी असते, कारण निरोप पाठवणाऱ्या पेशीच नाहीत. खाल्लेला स्निग्धांश ठेवायला जागा नसल्यामुळे तो यकृतात आणि स्नायूंत साचतो, इन्सुलिन निष्प्रभ होते आणि तीव्र मधुमेह जडतो. २००२ मध्ये अशा नऊ रुग्णांना चार महिने लेप्टिन दिल्याचा अहवाल आला. त्यांच्या रक्तातील ट्रायग्लिसराइड सुमारे ६० टक्क्यांनी उतरले, मधुमेह आटोक्यात येऊ लागला. अमेरिकेत २०१४ मध्ये या आजारासाठी लेप्टिनला औषध म्हणून मान्यता मिळाली. लठ्ठपणावर शोधले गेलेले हे रसायन शेवटी उपयोगी पडले ते ज्यांच्या अंगावर चरबीच नाही त्यांना.