वास हरवतो तेव्हा : स्मृतिभ्रंश आणि घ्राणशक्ती

दूध आटून पातेल्याच्या तळाला लागलेले आहे, घरभर करपट वास पसरला आहे आणि शेगडीपासून चार हातांवर बसलेल्या आजींना त्याचा पत्ताच नाही. बाहेरून आलेली सून किंवा नातू धावत जाऊन गॅस बंद करतो, आणि मग बोलणी होतात. घरातील माणसे अशा प्रसंगाचा अर्थ बहुधा दोनच प्रकारे लावतात : लक्ष नव्हते, किंवा वय झाले. दोन्ही खरे असू शकते. परंतु आणखी एक शक्यता असते, ती म्हणजे आजींना तो वास आलाच नाही, अथवा आला तरी तो कशाचा हे त्यांना उमगले नाही. स्मृतिभ्रंशाच्या काही प्रकारांत ही गोष्ट विसराळूपणाच्याही आधी, कधी कधी कित्येक वर्षे आधी, सुरू होते.

असे का व्हावे, हे समजण्यासाठी वासाचा मार्ग पाहावा लागतो. नाकाच्या पोकळीच्या छताशी अस्तराचा एक लहानसा पट्टा असतो. त्यातील चेतापेशींवर वास टिपणारे ग्राहक असतात. माणसात त्यांचे सुमारे ४०० प्रकार आहेत. या ग्राहकांच्या शोधासाठी लिंडा बक आणि रिचर्ड ॲक्सेल यांना २००४ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. या पेशींचे तंतू कवटीच्या तळातील चाळणीसारख्या सच्छिद्र हाडातून वर जातात आणि मेंदूच्या पुढच्या भागाखाली असलेल्या घ्राणकंदात पोहोचतात. दृष्टी, श्रवण आणि स्पर्श यांचे संदेश आधी थॅलॅमस नावाच्या केंद्रात थांबून पुढे जातात. वासाचा संदेश मात्र तेथे न थांबता भावना आणि स्मरण यांच्याशी निगडित असलेल्या भागांत थेट शिरतो. उदबत्तीचा वास येताच आजोळचे देवघर डोळ्यांपुढे उभे राहते, त्यामागे ही जवळीक आहे.

हीच जवळीक आजारात घातक ठरते. वासाचे संदेश ज्या भागांत पोहोचतात, त्यांपैकी एकाचे नाव एन्टोऱ्हायनल कॉर्टेक्स असे आहे. या ग्रीक नावातच नाक दडलेले आहे. हा भाग म्हणजे नव्या आठवणी घडवणाऱ्या हिप्पोकॅम्पसचे जणू प्रवेशद्वार. अल्झायमरच्या आजारात टाऊ नावाच्या प्रथिनाचे गुंते चेतापेशींत साचतात. मेंदूच्या बाह्य आवरणात हे गुंते प्रथम याच प्रवेशद्वाराच्या परिसरात दिसू लागतात, असे हायको आणि एव्हा ब्राक या जर्मन शास्त्रज्ञांनी १९९१ मध्ये दाखवून दिले. घ्राणकंदातही ते आढळतात. म्हणजे नाक शाबूत असते, पण आलेला वास ‘हा लवंगेचा’ असा ओळखून त्याला नाव देणारी यंत्रणा ढासळू लागते. त्यामुळे अल्झायमरच्या प्रारंभी ‘काहीतरी वास येतो आहे’ इतके कळते, मात्र तो कशाचा हे सांगता येत नाही. पुढे वास जाणवणेही मंदावते. लेवी बॉडी स्मृतिभ्रंशात आणि पार्किन्सनच्या आजारात अल्फा-सिन्युक्लिन हे निराळे प्रथिन साचते. त्यात घ्राणकंद आरंभीच सापडतो, म्हणून या आजारांत वास जाणे अधिक ठळक असते. मेंदूच्या रक्तवाहिन्यांच्या विकारामुळे होणाऱ्या स्मृतिभ्रंशात मात्र हे लक्षण तितके नियमित नसते.

येथे एक गोष्ट स्पष्टपणे सांगणे आवश्यक आहे. वास येईनासा झालेल्या बहुसंख्य लोकांना स्मृतिभ्रंश नसतो. सर्दी, सायनसचा विकार, नाकातील मांसल वाढ, डोक्याला झालेली इजा, धूम्रपान, काही औषधे अशी कारणे कितीतरी अधिक आढळतात. वयोमानानेही घ्राणशक्ती उतरते आणि ऐंशीनंतर तर बहुतेकांची ती लक्षणीय प्रमाणात कमी झालेली असते. कोविडच्या साथीत असंख्य लोकांचा वास एका रात्रीत गेला आणि बहुतेकांचा काही आठवड्यांत परत आला. स्मृतिभ्रंशातील ऱ्हास असा अचानक येत नाही. तो सावकाश येतो आणि ज्याचा वास जातो त्याच्याच तो सहसा ध्यानात येत नाही. शेंगदाण्याचे लोणी नाकाशी धरून अल्झायमर ओळखण्याची युक्ती २०१३ मध्ये फ्लोरिडा विद्यापीठातील एका लहान अभ्यासानंतर गाजली होती. पुढच्याच वर्षी पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील संशोधकांना तसा निष्कर्ष आढळला नाही. असे संदेश मोबाइलवर आले तर पुढे पाठवू नयेत.

प्रमाणित चाचण्या अर्थातच आहेत. रिचर्ड डोटी यांनी १९८४ मध्ये तयार केलेल्या चाचणीत ४० वास ओळखायचे असतात. परंतु त्यांत ‘रूट बिअर’ या अमेरिकी पेयासारखे वासही आहेत. जो वास आयुष्यात कधी घेतलाच नाही, तो न ओळखणे हा आजार नव्हे. इंदूर, बडोदे, बेळगाव वा तंजावर येथील वृद्धांसाठी हिंग, लवंग, कॉफी, संत्र्याची साल असे ओळखीचे वासच उपयोगाचे. घरी सहज विचारून पाहण्यास हरकत नाही. मात्र चारचौघांत परीक्षा घेऊन त्या व्यक्तीला खजील करू नये, आणि त्या उत्तरावरून निदानही करू नये.

भारतात ६० वर्षांवरील सुमारे ८८ लाख व्यक्तींना स्मृतिभ्रंश असल्याचा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय अभ्यासात मांडला गेला. हे प्रमाण त्या वयोगटात ७.४ टक्के इतके आहे. यांपैकी अनेक घरांत वासाचा प्रश्न प्रथम जेवणाच्या पानावर उपस्थित होतो. ज्याला आपण चव म्हणतो, तिचा मोठा भाग वासाचा असतो. वास गेला की खारट, गोड, आंबट, कडू एवढेच उरते. मग ‘भाजीला चव नाही’ ही तक्रार रोजची होते, आणि स्वयंपाक करणाऱ्या व्यक्तीला ती टोचते. शुश्रूषेच्या क्षेत्रात काम करताना या एका वाक्यावरून घरात अबोला धरलेला मी पाहिला आहे. दोष कोणाचाच नव्हता. तक्रार करणारी व्यक्ती वरून मीठ वा साखर घेऊ लागते, आणि रक्तदाब किंवा मधुमेह असल्यास ते बाधते. काही जण जेवणच कमी करतात. अशा वेळी लिंबू, आले, कोथिंबीर, भाजलेले तीळ यांनी पदार्थाला आंबटपणा, तिखटपणा व कुरकुरीतपणा द्यावा, मिठाचे भांडे पानाजवळ ठेवू नये आणि दर महिन्याला वजन नोंदवावे.

याहून तातडीचा धोका गॅसचा. स्वयंपाकाच्या गॅसला स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात मर्कॅप्टन हे उग्र वासाचे द्रव्य मिसळतात. ज्याला वास येत नाही, त्याच्यासाठी ही सूचना निरुपयोगी ठरते. म्हणून अशी व्यक्ती घरात एकटी असताना सिलिंडरचा रेग्युलेटर बंद ठेवावा, शक्य असल्यास गळतीची घंटा वाजवणारे उपकरण बसवावे. गळतीचा संशय येताच रेग्युलेटर बंद करून दारे-खिडक्या उघडाव्यात, विजेचे कोणतेही बटण दाबू नये आणि बाहेर जाऊन १९०६ या क्रमांकावर कळवावे. उरलेल्या अन्नाच्या डब्यावर तारीख लिहिलेली चिठ्ठी लावावी, कारण आंबलेला भात वा नासलेले दूध ही व्यक्ती नाकाने ओळखणार नाही. कपड्यांना वा अंगाला येणारा वासही तिला जाणवत नाही. स्नानाचा विषय त्यावरून टोमणा न मारता काढावा.

वास कमी झाल्यास प्रथम नाक-कान-घसातज्ज्ञांना दाखवावे. त्यासोबत तेच तेच प्रश्न विचारणे, ओळखीच्या रस्त्यावर चुकणे, पैशांच्या हिशोबात गोंधळ होणे, नसलेल्या वस्तू वा माणसे दिसणे, झोपेत हातपाय झाडणे यांपैकी काही आढळल्यास स्मृतीची तपासणी करून घ्यावी. बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता व थायरॉइडचे विकार यांमुळेही विसराळूपणा येतो, आणि ते उपचारांनी सुधारू शकतात. लवंग, लिंबू, गुलाब यांसारखे वास रोज दोन वेळा लक्षपूर्वक घेण्याचा सराव विषाणुसंसर्गानंतर गेलेल्या घ्राणशक्तीस साहाय्यक ठरतो. त्याने स्मृतिभ्रंश टळतो असे सिद्ध झालेले नाही.

आशा कार्यकर्ती घरी येऊन भरून घेत असलेल्या तपासणी-सूचीत वृद्धांना विसराळूपणाविषयी प्रश्न विचारला जातो. वासाविषयीचा बदल आपण होऊन सांगावा, आणि तो साधारण केव्हापासून जाणवू लागला हेही सांगावे. वृद्धांविषयीच्या मार्गदर्शनासाठी एल्डरलाइन १४५६७ आणि शुश्रूषा करणाऱ्यांवरील मानसिक ताणासाठी टेलि-मानस १४४१६ हे क्रमांक निःशुल्क उपलब्ध आहेत.