क्लिक केलं आणि गप्प बसले

मेलचा विषय होता, ‘स्टायपेंडची रक्कम बदलली, लगेच पाहा’. तुम्ही इंटर्न असता तर काय केलं असतं? मी मेल उघडला, लिंकवर क्लिक केलं आणि स्क्रीन लाल झाली. ‘तुम्ही फसलात! ही सुरक्षा चाचणी होती.’

हसा, हसा. मीही नंतर हसले. पण त्या ऑफिसात (पुण्यातलं, नाव नको) दुसऱ्या दिवशी फसलेल्या सात जणांची यादी सगळ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पडली. सातांत मी एकटीच इंटर्न. टीममधले एक सर येता-जाता विचारायचे, “काय मॅडम, आज कुठे क्लिक?”

त्यामुळे मी सावध झाले असेन असं वाटतंय? छे! तीन आठवड्यांनी कुरिअरच्या नावाने एक मेल आला. घाईत त्यातली फाइल उघडायला गेले, ती उघडलीच नाही. पोटात गोळा आला. चाचणी असती तर लाल स्क्रीन आली असती, म्हणजे हा मेल खरोखरचा असणार. आणि मी कोणालाही काहीही सांगितलं नाही. पुन्हा यादीत नाव? नको रे बाबा.

कर्मचाऱ्यांनी सावध राहावं म्हणून कंपन्या असे खोटे मेल पाठवतात, त्यात चूक काही नाही. पण पाठवता काय, आणि फसलेल्याशी वागता कसं? अमेरिकेतल्या गोडॅडी कंपनीचंच बघा. डिसेंबर २०२०, कोरोनाचं वर्ष. कर्मचाऱ्यांना मेल गेला, सणानिमित्त ६५० डॉलर बोनस, माहिती भरा. सुमारे पाचशे जण फसले. बोनस नव्हताच, उलट पुन्हा ट्रेनिंग घ्या म्हणून सांगण्यात आलं. इतकी टीका झाली की कंपनीला माफी मागावी लागली. यातल्या कोणाला पुढे खरंच शंका आली, तर तो आयटीवाल्यांकडे आपणहून जाईल?

आणि काही नियमही असे असतात की पळवाट शोधावीच लागते. दर तीन महिन्यांनी पासवर्ड बदला, कॅपिटल हवं, आकडा हवा, चिन्ह हवं. मग आपण शेवटचा १ काढून २ करतो आणि चिठ्ठी मॉनिटरला चिकटवतो. गंमत म्हणजे अमेरिकेच्या एनआयएसटी या सरकारी संस्थेसाठी २००३ मध्ये हा सल्ला लिहिणाऱ्या बिल बर यांनीच २०१७ मध्ये त्याबद्दल पश्चात्ताप व्यक्त केला. त्याच वर्षी संस्थेने सांगितलं की पासवर्ड लांब असू द्या, आणि तो फुटल्याचा पुरावा असेल तरच बदलायला लावा. आमच्या ऑफिसात ही बातमी पोचलेली नव्हती.

बदल झाला तो आयटीत नवीन दादा आला तेव्हा. पहिल्याच मीटिंगमध्ये तो म्हणाला, “क्लिक झालं तर झालं. पण पाच मिनिटांत मला सांगा. तेवढ्यात लॅपटॉप नेटवर्कवरून काढता येतो, दोन दिवसांनी सांगून मी काय करू?” ऑनलाइन पैसे गेले की १९३० वर लगेच फोन करा म्हणतात, तेही यासाठीच. पैसे पुढे सरकायच्या आत अडवता आले पाहिजेत. दादाने याद्या बंद केल्या. संशयास्पद मेल सगळ्यात आधी दाखवणाऱ्याला शुक्रवारी त्याच्याकडून चहा.

त्याच संध्याकाळी मी त्याला कुरिअरवाल्या फाइलचं सांगितलं. तो ओरडला नाही. “कधीची गोष्ट?” एवढंच विचारलं. “दोन आठवडे झाले,” म्हटल्यावर त्याचा चेहरा उतरला. लॅपटॉप रात्रभर ठेवून घेतला, सगळे पासवर्ड बदलायला लावले. काही सापडलं नाही. वाचले!

शेवटच्या आठवड्यात ‘सर्टिफिकेटसाठी फॉर्म भरा’ असा मेल आला. मी लिंकला हात न लावता थेट दादाकडे. त्याने नीट पाहिलं आणि हसायला लागला. “अगं, हा खरंच एचआरचा आहे!”

चहा मात्र मिळाला.