भर श्रावणात बर्फ

मी मराठीचा प्राध्यापक. यंत्रविद्येतली माझी मजल जुन्या स्कूटरला किका मारण्यापर्यंत. ती रुसलीच, तर कोपऱ्यावरच्या मिस्त्रीला हाक मारायची. पण आमचा भाचा विमान चालवायला शिकतो आहे आणि आकाशात कोपराही नाही नि मिस्त्रीही नाही!

गेल्या श्रावणातली गोष्ट. पावसाने उघडीप दिली म्हणून स्वारी दोन आसनी सेस्ना घेऊन एकटीच वर गेली. उंची तीन हजार फूट. इंजिनाचे फेरे मिनिटाला २३०० वर स्थिर होते. ते हलकेच २२०० झाले, मग २१००. थ्रॉटलला तर त्याने हातही लावला नव्हता.

"बर्फ, मामा! कार्बुरेटरमध्ये बर्फ!"

मी त्याच्याकडे पाहतच राहिलो. आपल्याकडे श्रावणात पापडांना बुरशी येते, बर्फ कुठला? पण मेख तिथेच आहे. कार्बुरेटरच्या चिंचोळ्या गळ्यातून हवा वेगाने जाते, तिचा दाब उतरतो. त्यातच पेट्रोलच्या तुषारांची वाफ होते. माठातले पाणी गार होते, तोच न्याय! या दोहोंमुळे हवेचे तापमान तीस अंशांहूनही अधिक उतरू शकते. मग दमट हवेतले बाष्प त्या गळ्यातच गोठते आणि इंजिनाचा श्वास कोंडतो. बाहेर तीस अंश उष्मा असला तरीही! कोरड्या कडाक्याच्या थंडीपेक्षा आपला पावसाळाच इथे अधिक घातकी.

उपाय वैमानिकाच्या पुढ्यातच असतो. एक मूठ ओढली की धुराड्याच्या नळीभोवती तापलेली हवा कार्बुरेटरकडे वळते. भाच्याने ती ओढली, आणि फेरे वाढायचे सोडून आणखी घसरले! इंजिन खोकू लागले, विमान थरथरले. गरम हवा विरळ, म्हणून शक्ती कमी; शिवाय वितळलेल्या बर्फाचे पाणी इंजिनाच्या घशात. अशा वेळी नवशिक्याचा हात ती मूठ परत आत ढकलायला धावतो, आणि घात होतो तो तिथेच.

"तू ढकललीस?" मी विचारले.

"नाही. पण हात दोनदा गेला होता."

मग इंजिनाचा घसा मोकळा झाला, फेरे चढू लागले.

खाली उतरल्यावर मेकॅनिकने टाकीच्या तळचे पेट्रोल काढून पाहिले. विमानाचे ते निळे पेट्रोल. त्याच्या बुडाशी पाण्याचा थेंब नव्हता. फ्लोट अडकून पेट्रोल ठिबकत नव्हते. प्राइमरची मूठही नीट बंद होती; ती सैल राहिली तरी इंजिन अडखळते म्हणे. सारे ठाकठीक! पोलीस येईपर्यंत चोर पाणी होऊन पसार झाला होता.

"आईला सांगितलंस?"

तो गप्प. इतक्यात ताईच चकल्यांचे ताट घेऊन बाहेर आली.

"काय चाललंय मामा-भाच्यांचं?"

"माझ्या स्कूटरचा कार्बुरेटर," मी म्हणालो.

"विकून टाक बाबा ती एकदाची. भर रस्त्यात दगा देईल एखाद्या दिवशी!"

भाच्याने खाली मान घालून चकली उचलली.