पाचवीतली एबीसीडी, परदेशातला फळा

कागदाचा चिटोरा ओठांसमोर धरून मी ‘पेन’ म्हटलं. कागद हलला नाही. पुन्हा म्हटलं, पुन्हा तेच. समोर ओमानमधल्या एका कॉलेजच्या फाउंडेशन वर्गातली तेवीस मुलंमुली टक लावून बघत होती.

अरबीत ‘प’ नाही. त्यामुळे मुलं ‘पार्क’ला ‘बार्क’ म्हणत, आणि ‘पीपल’चं स्पेलिंगही ‘बी’ने सुरू करत. इंग्रजी शब्दाच्या सुरुवातीच्या ‘पी’बरोबर तोंडातून हवेचा झोत निघतो आणि समोरचा कागद फडफडतो, हे मी प्रशिक्षणात शिकले होते. पण माझा ‘प’ नाशिकचा, ‘पाणी’ आणि ‘पाटी’तला. त्यात झोत नाही, आणि अरबी कानाला तो बऱ्याचदा ‘ब’च वाटतो. म्हणजे सहा आठवडे मी ‘ब नव्हे, प’ सांगत होते आणि मुलांना ‘ब नव्हे, ब’ ऐकू येत होतं. मग आजीचा ‘फळ’ आठवला, दोन्ही ओठ मिटून सोडलेल्या ‘फ’चा. त्या ‘फ’च्या अंगाने ‘पेन’ म्हटलं आणि कागद उडाला. पुढच्या मिनिटात तेवीस वह्यांची पानं फाटली आणि वर्गभर कागद फडफडू लागले.

परदेशी जाऊन इंग्रजी शिकवण्याच्या धंद्याकडे मी या कागदाच्या चिटोऱ्यातून बघते. इंग्रजी आपली मातृभाषा नाही, ही तिथे आपली पहिली उणीव मानली जाते. माझा अनुभव उलटा आहे. आपण ती भाषा शिकत, अडखळत, चुका करत इथवर आलो, हीच आपली खरी शिदोरी असते.

या व्यवसायाचा इतिहास पाहिला तर त्यातलं बरंच मोलाचं काम इंग्लंडबाहेरच्या वर्गांत झालेलं दिसतं. लाफ्काडिओ हर्न १८९० मध्ये जपानमधल्या मात्सुए गावी इंग्रजीचा शिक्षक झाला आणि पुढे टोकियोच्या विद्यापीठात पोचला. १९०३ मध्ये तिथे त्याची जागा नात्सुमे सोसेकी या जपानी लेखकाने घेतली. परक्या शिक्षकानंतर घरचा शिक्षक, ही अदलाबदल तेव्हाही झाली होती. १९२२ मध्ये हॅरोल्ड पामर जपानला गेले आणि पुढच्याच वर्षी टोकियोत त्यांनी इंग्रजी अध्यापनाची संशोधन संस्था काढली. १९२४ मध्ये ए. एस. हॉर्नबी नावाचे तरुण शिक्षक ओइता इथे रुजू झाले. कोणतं नाम मोजता येतं, कोणतं येत नाही, क्रियापदामागे कशी रचना येते, हे जपानी विद्यार्थ्यांना कोणताच शब्दकोश सांगत नव्हता. म्हणून हॉर्नबी आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी तसा कोश केला. तो १९४२ मध्ये टोकियोत छापला गेला आणि १९४८ मध्ये ऑक्सफर्डने काढला. आपल्याकडे बी.ए.च्या टेबलावर असणाऱ्या ऑक्सफर्डच्या जाडजूड ‘लर्नर्स डिक्शनरी’चं मूळ ते. हॉर्नबी जपानला गेले त्याच सुमारास ढाक्याला मायकेल वेस्ट बंगाली मुलांसाठी सोप्या, मोजक्या शब्दांची वाचनमाला रचत होते. शिकणाऱ्याची अडचण जवळून पाहिली, तेव्हाच ही साधनं जन्माला आली.

भारतीय शिक्षकांचा प्रवाह वेगळ्या वाटेने वाहिला. सम्राट हैले सेलासी यांच्या काळात इथिओपियाच्या माध्यमिक शाळांत मोठ्या संख्येने भारतीय शिक्षक होते. भूतानमध्ये १९६० च्या दशकात आधुनिक शाळा उघडल्या, तेव्हा फळ्यासमोर उभं राहायला भारतातून शिक्षक गेले. मालदीवच्या शाळाही आपल्या शिक्षकांवर चालत आल्या. पुढे तेलाच्या पैशातून आखातात आणि लिबियात विद्यापीठं उभी राहिली आणि इंग्रजीच्या प्राध्यापकांना मागणी आली. मराठी वाचकाला यातलं एक नाव जवळचं आहे. विलास सारंग १९७० च्या दशकात इराकमधल्या बसरा विद्यापीठात इंग्रजी शिकवत होते आणि पुढे कुवेत विद्यापीठातही त्यांनी शिकवलं. उलट दिशेनेही वाहतूक होती. येमेन आणि इराकमधले विद्यार्थी इंग्रजीत पीएच.डी. करायला पुण्याला आणि औरंगाबादला येत राहिले.

या नोकरीत मुक्काम कायमचा नसतो. लिबियात २०११ मध्ये आणि येमेनमध्ये २०१५ मध्ये युद्ध भडकलं, तेव्हा भारत सरकारने हजारो भारतीयांना बाहेर काढलं. परतणाऱ्यांत शिक्षकही होते. बरीच वर्षं जमवलेली पुस्तकं तिथेच ठेवून, एका बॅगेनिशी आलेले प्राध्यापक मी पाहिले आहेत.

आजचा नकाशा देशागणिक बदलतो. जपानची ‘जेट’ योजना १९८७ मध्ये ४ देशांतल्या ८४८ जणांनिशी सुरू झाली. त्यातले बहुतेक शाळेतल्या जपानी शिक्षकाचे सहायक असतात, आणि दोघं मिळून तास घेतात. दक्षिण कोरियात भाषाशिक्षकाचा व्हिसा मुळात अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका या ७ देशांच्या नागरिकांसाठी ठेवलेला आहे. २०१० मध्ये लागू झालेल्या भारत-कोरिया व्यापार करारामुळे अध्यापनाचा परवाना असलेल्या भारतीयांना सहायक शिक्षक म्हणून जायची एक खिडकी उघडली. चीनमध्ये ऑनलाइन शिकवण्यांचा मोठा बाजार होता. जुलै २०२१ मध्ये सरकारने शालेय विषयांच्या नफ्यासाठी चालणाऱ्या शिकवण्यांवर बंदी आणली आणि घरबसल्या शिकवणाऱ्या परदेशी शिक्षकांचं काम एका फटक्यात गेलं. आखातात कॉलेजांच्या फाउंडेशन वर्षाला आणि भारतीय अभ्यासक्रमाच्या शाळांना आपल्या शिक्षकांची गरज आहे, पण स्थानिकांना आधी नोकरी हे धोरण तिथे दरवर्षी घट्ट होत चाललं आहे, आणि ते रास्तही आहे.

सगळीकडे एक शब्द आडवा येतो, ‘नेटिव्ह स्पीकर’. मी काम केलेल्या एका संस्थेत एकाच पदाला दोन पगारपत्रकं होती. कोणतं लागू होणार ते पासपोर्ट पाहून ठरायचं. माझ्याकडे एम.ए., बी.एड. आणि चौदा वर्षांचा अनुभव होता. शेजारच्या टेबलावरच्या मुलाकडे कुठलीशी पदवी आणि चार आठवड्यांचा कोर्स होता. मुलगा चांगला होता. बोलीतल्या लकबी, कोणत्या शब्दाशेजारी कोणता शब्द शोभतो, हे मी त्याला विचारत असे. पण ‘द’ कधी घालायचा, हे विद्यार्थ्यांनी विचारलं की तो त्यांना माझ्याकडे पाठवी. त्याला ते न शिकताच येत होतं, त्यामुळे समजावता येत नव्हतं.

या भेदभावाचं उत्तर अभ्यासकांनी फार पूर्वी दिलेलं आहे. मूळ काश्मीरच्या ब्रज काचरू यांनी १९८५ मध्ये इंग्रजीची तीन वर्तुळं मांडली आणि भारतासारख्या देशांतली इंग्रजी हीसुद्धा आपल्या हक्काची इंग्रजी असल्याचं ठासून सांगितलं. रॉबर्ट फिलिप्सन यांनी १९९२ मध्ये मातृभाषक तोच उत्तम शिक्षक ही समजूतच खोटी ठरवली. हंगेरीचे पेटर मेदग्येश यांनी दोन वर्षांनी दाखवून दिलं की, भाषा शिकून शिक्षक झालेला माणूस विद्यार्थ्याची अडचण आधीच ओळखतो. आणि आपल्या एन. एस. प्रभू यांनी १९७९ ते १९८४ या काळात दक्षिण भारतातल्या साध्या शाळांत व्याकरण न घोकवता कामं देऊन इंग्रजी शिकवण्याचा प्रयोग केला. परदेशी जाण्याआधीच्या प्रशिक्षणात आज आपल्याला ‘टास्क’वर आधारित अध्यापन शिकवतात, त्याचं एक मूळ या शाळांत आहे. हे आपल्या शिक्षकाला ठाऊक असायला हवं. मुलाखतीत मान खाली घालायचं मग कारण उरत नाही.

मी पाचवीत पहिल्यांदा एबीसीडी गिरवली. महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी आली ती २००० साली. ओमाननेही १९९८ पासून पहिलीपासून इंग्रजी आणली, त्याआधी ती चौथीपासून होती. माझे सुरुवातीचे विद्यार्थी त्या जुन्या पद्धतीतले होते. माझ्यासारखेच उशिरा आलेले. ते ‘आय स्टुडंट’ म्हणत, कारण अरबीत वर्तमानकाळी ‘आहे’ लागत नाही. आपणही ‘हा माझा भाऊ’ म्हणून थांबतोच की. ते ‘द लाइफ इज हार्ड’ लिहीत, कारण त्यांच्याकडे ‘अल’ आहे पण ‘अ’ नाही. माझ्या मराठीत दोन्ही नाहीत. तर्खडकरांच्या पाठमालेत मीही याच ठिकाणी ठेचकाळले होते. त्यामुळे खड्डा कुठे आहे हे मला विचारावं लागलं नाही.

जाणाऱ्यांसाठी काही रोकड्या गोष्टी. किमान १२० तासांचा, प्रत्यक्ष वर्गात शिकवायला लावणारा कोर्स करा. केंब्रिजच्या ‘सेल्टा’त निरीक्षकासमोर ६ तास शिकवावं लागतं, आणि वर्ग तिथेच कळतो. पदवीच्या कागदांवर देशाप्रमाणे एपोस्टिल किंवा वकिलातीचा शिक्का लागतो. त्याला महिने जातात, म्हणून नोकरी लागायच्या आधीच कामाला लागा. नोंदणीकृत भरती एजंटाला उमेदवाराकडून ३०,००० रुपये आणि त्यावरचा जीएसटी यापेक्षा जास्त सेवाशुल्क घेता येत नाही. जास्त मागितलं तर तिथूनच परत फिरा. आठवड्याचे तास, घरभाडं, वर्षाचं विमानभाडं आणि नोकरी संपताना मिळणारी ग्रॅच्युइटी ही चारही कलमं कॉन्ट्रॅक्टमध्ये लेखी असल्याशिवाय सही करू नका.

आणि बॅगेत आपली एक जुनी वही टाका, लाल शाईने भरलेली. माझी पाचवीची वही आईने माळ्यावर जपून ठेवली होती. ती मी दुसऱ्या वर्षी घेऊन गेले आणि वर्गात फिरवली. पहिल्याच पानावर बाईंनी सहा ठिकाणी लाल खुणा केल्या होत्या, सगळ्या ‘अ’ आणि ‘द’च्या. मागच्या बाकावरची एक मुलगी, जिने तोवर तोंड उघडलं नव्हतं, ती पान बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, “टीचर, यू वेअर लाइक मी?”

मी हो म्हटलं. त्या दिवसापासून ती बोलू लागली.