१० लाख रेकॉर्ड्सना डिस्क किती लागते?

चितेगावच्या घरून बोलतोय. आजचा विषय मेनफ्रेम, म्हणजे बँकांचे मोठे हिशेब चालतात ते मशीन.

नवीन होतो तेव्हा माझा रात्रीचा जॉब डी३७ एरर देऊन पडला. डेटासेटला जागा पुरली नाही. माझं गणित सरळ होतं. ८० बाइट्सची १० लाख रेकॉर्ड्स, म्हणजे ८ कोटी बाइट्स. ३३९० डिस्कच्या एका ट्रॅकवर ५६,६६४ बाइट्स, १५ ट्रॅकचा एक सिलिंडर. मी ९५ सिलिंडर मागितले.

मग चुकलं कुठे? ब्लॉक साइज मी ८०च ठेवली होती, आणि प्रत्येक ब्लॉकमागे डिस्क स्वतःसाठी थोडी जागा घेते. एकेक मोसंबी वेगळ्या खोक्यात भरली तर टेम्पो खोक्यांनीच भरेल ना? तसंच. ट्रॅकवर ७८च रेकॉर्ड्स बसत होती. त्या हिशेबाने ८५५ सिलिंडर लागले असते!

ब्लॉक साइज २७,९२० केली. ब्लॉकमध्ये ३४९ रेकॉर्ड्स, ट्रॅकवर दोन ब्लॉक, म्हणजे ६९८ रेकॉर्ड्स. १० लाखांना १,४३३ ट्रॅक, म्हणजे ९६ सिलिंडर. काम झालं.

तर आधी ब्लॉक, मग ट्रॅक, शेवटी सिलिंडर. ब्लॉक साइज सुचत नसेल तर शून्य द्या, सिस्टीम स्वतः ठरवते. भेटू पुढच्या भागात!