गिटारचं डोकं, तानपुऱ्याच्या खुंट्या आणि संशोधनाचा प्रश्न

दिवाळी झाली की आपल्या गोंदिया-भंडाऱ्याकडे मंडईचे दिवस येतात. माझा एक मित्र झाडीपट्टीच्या नाटकांत गिटार वाजवतो. एका रात्री त्याची गिटार अशी उतरली, की पहिल्या गाण्यातच लोक हसायला लागले. सकाळी त्याचा फोन आला: "हेडस्टॉकच खराब आहे. धानाचे पैसे आलेत, सहाही खुंट्या एका बाजूला असणारी नवीन घेऊ का गा? दिसतेही भारी."

मला लगेच उत्तर देता आलं नाही, पण प्रश्न ओळखीचा वाटला. माझा पहिला सिनॉप्सिस असाच होता, 'अमुक आणि तमुक यांचा तुलनात्मक अभ्यास'. समितीने एकच विचारलं, "तुलना कशाच्या बाबतीत?" मी गप्प. सिनॉप्सिस परत आला आणि सहा महिने गेले. पेटची किंवा सिनॉप्सिसची तयारी करणाऱ्यांनी ही चूक टाळावी, म्हणून आज गिटारचंच उदाहरण घेऊ.

पहिली पायरी: 'चांगलं' या शब्दाचे तुकडे करा

हेडस्टॉक म्हणजे गिटारचं डोकं, जिथे तारा पिळायच्या खुंट्या असतात. 'चांगला हेडस्टॉक' यात तीन वेगळे प्रश्न लपलेत: सोय, सूर आणि रूप. तिन्हींची मोजपट्टी वेगळी आहे.

सोय म्हणजे तोल. पट्टा गळ्यात घातल्यावर डोकं खाली झुकतं का? पट्ट्याच्या आधारापासून ६० सेंटिमीटरवरचे १०० ग्रॅम हे १० सेंटिमीटरवरच्या ६०० ग्रॅमइतकंच खाली ओढतात. म्हणून जड खुंट्या हाताला जाणवतात. स्टाइनबर्गरने १९८०च्या सुमारास डोकंच काढून टाकलं आणि खुंट्या दुसऱ्या टोकाला नेल्या, त्यामागे तोलाचाही विचार होता.

रूप ही आवडीची बाब आहे. ती मोजायची तर लोकांनाच विचारावं लागेल, म्हणजे प्रश्नावली आली, नमुना निवड आली. गणिताने ते सुटणार नाही.

दुसरी पायरी: कारण शोधा

आता सूर. गिब्सनच्या नेहमीच्या रचनेत तीन-तीन खुंट्या दोन्ही बाजूंना आणि डोकं मागे कललेलं, बहुतेक मॉडेलांत सुमारे १७ अंश. १९५४च्या फेंडर स्ट्रॅटोकास्टरमध्ये सहाही खुंट्या एका ओळीत, डोकं सपाट, तारा बऱ्यापैकी सरळ. गिब्सनमध्ये तिसरी आणि चौथी तार नटपाशी बाजूलाही वळते.

वळण आलं की घर्षण आलं. खुंट्याला दाव्याचा वेढा दिला की बैल एका हाताने धरता येतो, तेच तत्त्व. दोन बाजूंच्या ताणाचं गुणोत्तर घर्षणांक आणि कोन यांच्या गुणाकारावर ठरतं. घर्षणांक ०.२ मानू. १७ अंश म्हणजे सुमारे ०.३ रेडियन. गुणाकार ०.०६, म्हणजे ताणात जास्तीत जास्त ६ टक्के फरक अडकून राहू शकतो. सूर ताणाच्या वर्गमुळाप्रमाणे बदलतो, म्हणून सुरात ३ टक्के, जवळपास अर्धा सेमिटोन. ही वरची मर्यादा झाली. प्रत्यक्षात फरक कमी असेल.

पण गंमत बघा. गुणाकारच महत्त्वाचा असेल, तर कोन अर्धा केला काय आणि घर्षण अर्धं केलं काय, परिणाम तोच. मग नवीन गिटार कशाला?

तिसरी पायरी: एका वेळी एकच गोष्ट बदला

दोन कंपन्यांच्या गिटारी शेजारी ठेवून केलेली तुलना इथे फसते. त्यांच्यात तारेची लांबी, लाकूड, खुंट्या, सगळंच वेगळं असतं. फरक दिसला तरी तो हेडस्टॉकमुळेच, असं कसं म्हणणार?

मित्राला म्हटलं, गिटार तीच ठेव. प्रत्येक तार लाव, दहा वेळा ताणून वाजव, ट्यूनरवर किती सेंट उतरली ते वहीत लिही. असं पाच वेळा कर. मग नटच्या खाचांत पेन्सिलचं शिसं घासून पुन्हा तेच कर. खोली तीच, तारा त्याच. आणि एक बघ: सगळ्या तारा एकाच दिशेने सरकल्या तर थंडीवर संशय घे, फक्त तिसरी-चौथी उतरली तर नटवर.

तिसरी-चौथीच उतरत होती. शिसं घासल्यावर उतरणं बरंच कमी झालं. पैसे वाचले. पण यावरून 'सगळ्या गिटारींना हेच लागू' असं लिहिलं, तर ते संशोधन नाही. एक गिटार, एक खोली, एवढीच आपल्या निष्कर्षाची हद्द.

चौथी पायरी: दुसरीकडे हाच प्रश्न कसा सुटला ते पाहा

साहित्याचा आढावा याचसाठी असतो. मिरजेच्या सतार-तानपुऱ्यांना २०२४मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तानपुऱ्याची खुंटी लाकडी, निमुळती, निव्वळ घर्षणावर टिकणारी. गिटारमध्ये जे घर्षण वैरी, ते इथे आधार. पण अशा खुंटीने बारीक सूर लावणं अवघड, म्हणून घोडीच्या पलीकडे तारेत मणी ओवलेले असतात. ढोबळ काम खुंटीचं, बारीक काम मण्याचं. १९७०च्या दशकाच्या अखेरीस आलेल्या फ्लॉइड रोझ यंत्रणेतही तार नटपाशी घट्ट आवळतात आणि बारीक सूर घोडीकडे लावतात. दोन्हीकडे बारीक सुराचं काम खुंटीकडून काढून दुसऱ्या टोकाला दिलंय.

आता तुमचा विषय एका ओळीत लिहा. त्यात 'चांगलं', 'प्रभावी', 'तुलनात्मक' असा शब्द असेल तर खाली तीन ओळी लिहा: काय मोजणार, काय बदलणार, काय तसंच ठेवणार. तिन्ही भरल्या, की समितीसमोर गप्प बसायची वेळ येणार नाही.