मालकीण वाशीमला, भाडेकरू हैदराबादेत

‘घर पाहावे बांधून’ ही म्हण ज्याने केली, त्याने परमुलखात घर घेऊन ते भाड्याने दिलेले नसावे. नाहीतर म्हणीत आणखी एक चरण नक्की वाढला असता!

हा विषय आमच्या वाशीम जिल्ह्यात गेली काही वर्षे घरोघर निघतो, त्याला कारणही तसेच आहे. समृद्धी महामार्ग कारंजा-मालेगावकडच्या शिवारांतून गेला आणि पिढ्यान्‌पिढ्या ज्यांनी एकरकमी पैसा पाहिला नव्हता, त्यांच्या हाती तो आला. माझ्या माहेरचे शेतही त्यात गेले. बहिणीचा वाटा म्हणून भावांनी माझ्या नावचा चेक आणून दिला. वडिलांच्या शेताचे तेवढेच काय ते माझ्यापाशी उरले. बँकेत ठेवून तो वाणसामानात विरघळू द्यायचा नाही, एवढे मी ठरवले होते. त्यात आमच्या ह्यांच्या निवृत्तीच्या पैशांतली थोडी भर घालून २०१९ साली आम्ही हैदराबादेत दोन खोल्या आणि स्वयंपाकघराचा फ्लॅट घेतला.

“परराज्यात कशाला गं?” असे पुष्कळांनी विचारले. आता परराज्य म्हणजे काय, हे वाशीमकरांनी तरी सांगू नये. १८५३ साली वऱ्हाड इंग्रजांच्या कारभारात गेला आणि शेजारची हिंगोली निजामाकडे राहिली. आमच्या सासूबाई शेवटपर्यंत हिंगोलीला ‘मोगलाई’च म्हणत. पुढे १९५६ पर्यंत वाशीम मध्य प्रदेशात होते, म्हणजे मुंबईसुद्धा आम्हांला परराज्यच! २००८ साली अकोला-पूर्णा मार्ग रुंद झाला, हैदराबादेकडे थेट गाडी मिळू लागली. शिवाय माझा भाचा तिथे नोकरीला. या दोन गोष्टी नसत्या तर मी तिकडे फिरकले नसते. दलालाच्या फोनपेक्षा आपले माणूस आणि आगगाडी, यांवर माझा विश्वास अधिक.

पहिला धडा कागदांचा. सातबारा आणि इंडेक्स टू वाचण्यात आपण कितीही तरबेज असलो तरी तिकडे पाटी कोरी. तिथे मालमत्तेवरचे व्यवहार आणि बोजे पाहायला ‘ईसी’ काढतात. आपल्याकडे फ्लॅटखालची जमीन सहसा सोसायटीच्या नावे व्हायची असते; तिथे प्रत्येकाच्या खरेदीखतातच जमिनीचा अविभक्त हिस्सा गजांत लिहिलेला असतो. तो किती गज आहे हे विचारल्यावाचून पुढे जाऊ नये. नवी इमारत असेल तर त्या राज्याच्या ‘रेरा’कडे नोंद आहे का ते पाहावे, आपल्या महारेराचा अधिकार तिथे चालत नाही. आणखी एक गोष्ट खास हैदराबादची. ते तलावांचे शहर. तलाव पूर्ण भरला असता पाणी जिथवर येते, त्या हद्दीत बांधकामाला बंदी आहे. २०२४ च्या जुलैत तेलंगण सरकारने ‘हायड्रा’ ही यंत्रणा उभारली आणि अशी कित्येक बांधकामे पाडली. तेव्हा खिडकीतून तळे दिसते म्हणून हुरळून न जाता, ते किती दूर आहे हे नकाशावर पाहावे!

दलालाने सुचवले, “ताई, सर्वाधिकाराचे मुखत्यारपत्र द्या, तुम्हांला यायलाच नको.” आम्ही नाही म्हटले. मुखत्यारपत्रावर केलेल्या ‘विक्री’ने मालकी मिळत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ सालीच स्पष्ट केले आहे. आम्ही तिथलाच वकील लावला, स्वतः जाऊन सह्या केल्या. भाच्याला मुखत्यारपत्र दिले, तेही फक्त भाडेकरू ठेवण्यापुरते. किंमत ५० लाख किंवा जास्त असली तर खरेदीदाराने एक टक्का आयकर कापून सरकारात भरायचा असतो. विकणारा परदेशात राहणारा असेल तर कापायची रक्कम बरीच मोठी होते, हेही आधी विचारून घ्यावे.

आता वही उघडते. घराची किंमत ५२ लाख. मुद्रांक व नोंदणी त्या वेळी सहा टक्के (२०२१ च्या जुलैपासून तिथे साडेसात झाले), म्हणजे ३ लाख १२ हजार. एकूण ५५ लाख १२ हजार. भाडे महिना १६,०००, वर्षाचे १ लाख ९२ हजार. त्यातून देखभाल ३०,०००, घरपट्टी आणि विमा ९,०००, दुरुस्ती ११,०००, जाण्यायेण्याचा खर्च ८,०००. राहिले १ लाख ३४ हजार. म्हणजे शेकडा अडीचसुद्धा नाही! बँकेत तेव्हा साडेसहा-सात टक्के मिळत होते. पुढच्याच वर्षी करोना आला. भाडेकरू जोडपे गावी परतले; त्यांची अनामत आम्ही पुरती परत केली. घर पाच महिने रिकामे राहिले, पण देखभालीची पावती मात्र दरमहा न चुकता येत होती.

आज भाडे २२,००० आहे. सारा खर्च वजा जाता मूळ रकमेवर साडेतीन टक्क्यांच्या आसपास पडतात. घराची किंमत वाढली आहे खरी. पण ती विकल्याशिवाय हाती येत नाही, आणि वाढलेल्या किमतीवर मांडले तर हेच भाडे आणखी तुटपुंजे दिसते. आयकरात एक सवलत आहे: घरपट्टी वजा करून उरलेल्या भाड्यातले ३० टक्के आपोआप वगळले जातात, मग दुरुस्तीला कमी लागो की जास्त.

“मग घेतलेसच कशाला?” असे वाचक विचारतील. हेही एकदा म्हणाले, “अगं, ठेवीवर याच्या दुप्पट मिळाले असते!” मी म्हटले, “अहो, ठेवीचे व्याज आपण खाऊन टाकले असते.” घर हे दीर्घकाळचे धन, त्यावर महिन्याची चूल अवलंबून ठेवता येत नाही. म्हणून आमचे निवृत्तिवेतन आणि आजारपणाची ठेव यांना आम्ही हात लावला नाही, आणि कर्जही काढले नाही. अडीच टक्क्यांवर कर्जाचा हप्ता फिटत नाही, हे शाळकरी मुलालाही कळेल.

नव्याने या वाटेला जाणाऱ्यांनी तीन प्रश्न स्वतःला विचारावेत. वर्षातले तीन महिने घर रिकामे राहिले तर आपले चालेल का? नळ फुटला तर एका दिवसात तिथे पोहोचेल असे आपले कोणी आहे का? आणि भाड्यातून सगळे खर्च वजा करून उरणारा आकडा कागदावर मांडला आहे का? तिन्ही उत्तरे ‘होय’ असली तर खुशाल जावे. एकही ‘नाही’ असले, तर आपल्याच गावातला एखादा लहानसा गाळा बरा. त्याच्या भाडेकरूला निदान बाजारात जाता-येता तरी भेटता येते.